लोक टाळ्या वाजवतात पण नाचत नाहीत : नाचाची गाणी कशी निवडावीत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकमध्ये तुमचा पाच जणांचा बँड आहे. दोन गायक (एक मुलगा, एक मुलगी), गिटार, कीबोर्ड आणि ड्रम. हिंदी-मराठी मिळून चाळीस गाणी बसवली आहेत. गेल्या सीझनला लग्नाआधीच्या 'संगीत'चे चार आणि एका कंपनीचा एक असे कार्यक्रम केलात. लोकांनी मन लावून ऐकलं, मोबाईलवर शूटिंग केलं, 'छान गाता' म्हणाले, पण नाचायला कुणी उठलं नाही. शेवटी एका ठिकाणी यजमानांनी डीजेला सांगितलं आणि पाच मिनिटांत लॉन भरलं. आता तुम्हाला हमखास नाचवणारी वीस गाणी हवी आहेत.

मी बावीस वर्षं नाशिक आणि आसपासच्या ऑर्केस्ट्रांमध्ये ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि ढोलकी वाजवतोय, त्याआधी बेंजो पार्टीत होतो. गाण्यांबद्दल सांगतोच, पण आधी एक करा. त्या रात्री डीजेने पहिल्या पंधरा मिनिटांत काय काय लावलं ते पाचही जणांनी बसून आठवा आणि तुमच्या चाळीस गाण्यांशी ताडून बघा. माझा अंदाज आहे की त्यातली निम्मी तरी तुमच्या यादीत निघतील. गाणी तीच, पाहुणे तेच, लॉन तेच, तरी तुमच्या वेळी खुर्च्या भरलेल्या आणि त्याच्या वेळी रिकाम्या. हे का झालं ते कळलं तर कोणती गाणी घ्यायची तेही आपोआप कळेल. म्हणून तिथूनच सुरू करतो.

बँडची यादी बहुतेक वेळा गायक ठरवतो. गायकाला साहजिकच आवाज खुलेल अशी गाणी हवी असतात: वरची पट्टी, हरकती, मधे सगळी वाद्यं थांबून एकटा आवाज. अशी गाणी कानाला गोड लागतात, आणि कान लागला की माणूस खुर्चीत स्थिर होतो. तो दाद देतो, वन्स मोअर मागतो, पण उठत नाही. आमच्याकडे पहिली सात-आठ वर्षं असंच चाललं. वन्स मोअर मिळाला की कार्यक्रम रंगला, असं आम्ही धरायचो. संगीतासाठी ते मोजमाप चुकीचं आहे. नाचाचं गाणं निवडताना गायक कसा गातो हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न, हे गाणं लोकांच्या पायात आधीपासून आहे का?

आता पाय कुणाचे, हेही सांगतो. कारण यादीची सुरुवात तिथूनच होते.

ऑक्टोपॅडमागून मी बघतो तेव्हा माझी नजर कॉलेजच्या मुलांवर नसते. ती असते दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांवर: नवरीची मावशी, आत्या, थोरली काकू, शेजारच्या वहिनी. मागच्या वर्षी मखमलाबाद रोडच्या एका लॉनवर हिरव्या पैठणीतल्या एक बाई अगदी समोर बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, चेहरा गंभीर. पण खुर्चीखाली उजव्या पायातली चप्पल अर्धी निघाली होती आणि अंगठा ठेक्यावर हलत होता. आम्ही तेव्हा एक नवं हिंदी गाणं वाजवत होतो. ठेका त्यांच्यापर्यंत पोचत होता, गाणं पोचत नव्हतं. मी कीबोर्डवाल्याला खूण केली, पहिल्या अंतऱ्यावरच गाणं सोडलं आणि ठेका न थांबवता एका जुन्या कोळीगीताचा मुखडा धरला. बाईंनी पर्स शेजारी बसलेल्या सुनेकडे दिली, पदर खोचला आणि जाता जाता दोघींना हाताला धरून उठवलं. अंतरा येईपर्यंत बारा-चौदा बायका गोल धरून नाचत होत्या.

पर्स दुसऱ्याच्या हातात जाते त्या क्षणाची मी प्रत्येक कार्यक्रमात वाट बघतो. एक मावशी उठली की चौघी उठतात, मग मुली येतात, मग कडेला उभे राहून बघणारे पुरुष हळूहळू आत सरकतात. उलटा क्रम मी फारसा पाहिलेला नाही. लहान मुलं सगळ्यांच्या आधी येतात हे खरं, पण त्यांच्यामागे मोठी माणसं येत नाहीत. मुलं धावायला लागली की आया त्यांना ओढून बाजूला नेतात आणि जागा पुन्हा मोकळी होते. म्हणून पहिली तीन-चार गाणी मावशी-आत्यांची ठेवा: कोळीगीतं, वरातीत वर्षानुवर्षं वाजलेली मराठी गाणी, बायकांना टाळ्यांवर फेर धरता येईल अशी. तुमच्या वयाची गाणी नंतर भरपूर येतात, त्यांना वाट बघायला लावा.

गाणं पायात आहे की नाही ते तपासायची माझी रीत साधी आहे. कीबोर्डवर नुसती मुखड्याची धून वाजवायची आणि घरातल्या आईला, काकूला, आठ वर्षांच्या पुतण्याला ऐकवायची. तीन-चार सेकंदांत तिघांनी ओळखली तर गाणं यादीत. दोघांनी ओळखली तर थांबून विचार करायचा. २०१६ च्या 'सैराट'मधलं 'झिंगाट' आजही कोणत्याही मांडवात चालतं ते याच कारणाने. शब्द सुरू व्हायच्या आधी आजीला आणि नातवाला दोघांनाही कळलेलं असतं की काय येणार आहे. हिंदीत हीच जागा नव्वदच्या दशकातल्या गाण्यांची आहे. आज जे पंचेचाळीस-पन्नाशीचे आहेत ते तेव्हा शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यावर नाचले होते. त्यांना नाच शिकवावा लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

दोन्हीकडचे पाहुणे वेगळ्या भाषांचे असतील तर जोडणारी गाणी शोधा. 'कोंबडी पळाली' आणि 'चिकनी चमेली' यांची चाल एकच आहे, दोन्ही अजय-अतुल यांचीच. आम्ही हिंदी मुखड्याने सुरू करतो आणि दुसऱ्या फेरीला मराठी मुखडा घेतो. इंदूरहून आलेली वऱ्हाडी मंडळी आणि निफाडची माणसं एकाच गाण्यात उठतात, कारण एकाला हिंदी ओळखीची, दुसऱ्याला मराठी.

सध्या रील्सवर गाजणाऱ्या गाण्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यांचा वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडाच लोकांना माहीत असतो. तो तुकडा वाजवा, दोनदा वाजवा आणि पुढे जा. अख्खं गाणं घेतलंत तर पंचविसाव्या सेकंदानंतर लोक एकमेकांची तोंडं बघायला लागतात.

आता वाजवण्याकडे येतो, कारण डीजेने तुम्हाला मागे टाकलं ते मुख्यतः इथे. त्याने एकदाही शांतता होऊ दिली नाही आणि एकही गाणं पूर्ण वाजवलं नाही. तुम्ही बहुधा प्रत्येक गाणं मूळ रेकॉर्डसारखं वाजवलंत: सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, मधला पीस, दोन अंतरे, शेवट. मग टाळ्या, 'थँक्यू', गिटारचं ट्युनिंग, पुढचं गाणं. नाचणाऱ्या माणसासाठी ती वीस सेकंदं फार मोठी असतात. ठेका थांबला की आपल्याकडे सगळे बघताहेत याची त्याला जाणीव होते आणि तो खुर्चीकडे वळतो. एकदा वळलेला माणूस लवकर परत येत नाही. म्हणून नाचाच्या वेळी मुखड्यापासूनच सुरू करा. मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, की पुढचं गाणं. सव्वादोन मिनिटांच्या वर कुठलंही नेऊ नका. त्या हिशेबाने पाऊण तासात वीस गाणी होतात, म्हणजे तुम्ही विचारलेला वीसचा आकडा एका फेरीसाठी बरोबर आहे. चार-पाच गाण्यांचे गट करा, गटाच्या आत ठेका अजिबात थांबवायचा नाही. निवेदकाला बोलायचं असेल तर ठेक्यावर बोलू दे.

गट बांधताना टेम्पो बघा. फोनवर मेट्रोनोम लावून प्रत्येक गाण्यापुढे आकडा लिहून ठेवा. माझ्या अनुभवात सुरुवातीला मिनिटाला ९५ ते १०५ ठोके बरे पडतात, कारण त्या वेगाला साडीतल्या बाईला पाऊल टाकता येतं आणि टाळीही देता येते. मग ११० ते १२०, आणि गर्दी पूर्ण तापल्यावर १२५ ते १३०. त्याच्या वर गेलं की फक्त पोरं उरतात, बाकीची दमून कडेला जातात. शेजारच्या दोन गाण्यांत पाच-सहापेक्षा जास्त फरक नको, नाहीतर पाय अडखळतो.

तुमच्या ड्रमरसाठी एक खास गोष्ट. कोळीगीतं, गरबा आणि आपली बरीच वरातीची गाणी सहाच्या ठेक्याची असतात, हिंदी बहुतेक केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या ठेक्यात. सहातून केरव्यात जाताना नवे वादक थांबतात किंवा वेग बदलतात. तसं करू नका. सहाच्या ठेक्यात प्रत्येक मोठ्या ठोक्याचे तीन तुकडे पडतात, केरव्यात दोन किंवा चार. मोठा ठोका ११० ला असेल तर ११० लाच ठेवा, फक्त आतले तुकडे बदला. नाचणाऱ्याचं पाऊल मोठ्या ठोक्यावर पडतं, त्यामुळे गाणं बदललं तरी पाऊल बदलावं लागत नाही. ही एक जागा रियाजात पंधरा दिवस घासलीत तरी सगळ्या यादीचा रंग पालटेल.

आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली उणीव: तुमच्या पाच जणांत ढोलकी नाही. नाशिकचा माणूस ढोल ऐकत मोठा होतो. गणपतीची मिरवणूक असो की लग्नाची वरात, त्याच्या अंगात चामड्याचा आवाज भिनलेला आहे. ड्रमसेटची किक त्याला ऐकू येते, पण अंगाला लागत नाही. एकतर ढोलकीवाला सोबत घ्या, किंवा ड्रमरच्या बाजूला ऑक्टोपॅड ठेवून त्यात ढोल, ताशा, संबळ, हलगी यांचे चांगले पॅच (तयार आवाज) भरा. बास गिटारही नाही म्हणता, तर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने बास धरलाच पाहिजे. खालचा आवाज पोकळ राहिला तर तेच गाणं डीजेच्या तुलनेत पातळ वाटणार.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. इथे कुणी तुम्हाला पक्की वीस नावं लिहून दिली तर ती अर्धीच खरी ठरतील, आणि हे मी एका रात्रीत शिकलो.

काही वर्षांपूर्वी सटाण्याजवळच्या एका गावात हळदीला वाजवायला गेलो होतो. यादी नाशिक शहराच्या हिशेबाने केलेली, शहरात हमखास चाललेली. तासभर वाजवलं, दीडशे माणसं मांडवात बसून. नवरदेवाचे काका स्टेजपाशी आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, 'दादा, एखादं अहिराणी नाही का तुमच्याकडे?' नव्हतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. लोकांच्या घरच्या कार्यात जाऊन त्यांच्या भाषेतलं एकही गाणं सोबत नव्हतं. शेवटी वाढपी मुलांपैकी एकाने हात पुसत माईक घेतला. मी ढोलकीवर त्याला साथ केली. त्याचा सूर सगळीकडे लागत नव्हता, पण दुसऱ्या ओळीला अख्खा मांडव उभा होता. त्या आठवड्यातच मी सहा अहिराणी गाणी बसवून घेतली. आता तर 'हाई झुमका वाली पोर' गंगापूर रोडच्या संगीतातही फर्माईशीत येतं.

तेव्हापासून कार्यक्रम ठरला की मी यजमानांना दोन प्रश्न विचारतो: तुमचं मूळ गाव कोणतं, आणि नवऱ्या मुलाच्या मामाचं गाव कोणतं? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण लग्नात मामाकडची माणसं सगळ्यात मोकळेपणाने नाचतात. उत्तर कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातलं आलं तर अहिराणी हवंच. सिडकोतल्या घरांतही मुळं बऱ्याचदा जळगाव-धुळ्याकडची निघतात, तेव्हा विचारायला लाजू नका. पंजाबी कुटुंब असेल तर भांगड्याची दोन-तीन गाणी नीट तयार हवीत, अर्धवट नकोत. गंगापूर धरणाच्या बाजूला रिसॉर्टवर मुंबई-पुण्याचे पाहुणे असतील तर हिंदी नव्वदचं दशक वाढवा.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे कार्यक्रम वेगळे. तिथे साहेब पहिल्या रांगेत बसलेले असतात, आणि साहेब बसलेत तोवर कामगार उठत नाही. गाणं कितीही चांगलं असो. आधीच एचआरवाल्यांशी बोलून ठेवा, दुसऱ्या गाण्याला साहेब आणि त्यांच्या मिसेस दोघांना उठवा. मग गाण्याची फार चिंता करावी लागत नाही.

रिसेप्शनला मात्र लोकांना नाचवायचा हट्ट धरू नका. लोक रांगेत उभे राहून आहेर देतात, जेवतात आणि निघतात. तिथे तुमच्या गायकांची ती गोड गाणी वाजवा. त्यांची जागा तीच. संगीतालाही पहिला अर्धा-पाऊण तास, लोक येत असताना आणि स्टार्टर फिरत असताना, तीच गाणी ठेवा. म्हणजे तुमची चाळीस गाण्यांची मेहनत वाया जाणार नाही, फक्त तिची वेळ बदलेल.

वेळेवरून आठवलं. उघड्या लॉनवर रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २०००, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर नाही. पत्रिकेत सात लिहिलेलं असतं, माणसं येतात आठला. म्हणजे खरा नाच सव्वाआठ ते पावणेदहा, एवढाच वेळ हातात. 'गर्दी जमली की भारी गाणी काढू' म्हणून थांबलात तर दहा वाजतात आणि भारी गाणी यादीतच राहतात. मी उलटा हिशेब करतो. नऊ वीसला सगळ्यात वरचं टोक, तिथून मागे मोजत पहिलं मावशींचं गाणं आठ वीसला. केटरर्सना विचारून घ्या की मुख्य जेवण किती वाजता उघडणार. भाजी-पोळीच्या वासापुढे कुठलंच गाणं टिकत नाही. आणि डेकोरेशनवाल्याला सांगून नाचायच्या जागेवरचा पांढरा हॅलोजन बंद करा, खुर्च्या पुढे ओढून जागा लहान करा. वीस माणसं लहान जागेत गर्दी वाटतात, मोठ्या लॉनवर तीच वीस माणसं हरवतात. व्हिडिओवाल्याचा लाईट तोंडावर आला की लाजरी माणसं पळतात, त्यालाही प्रेमाने सांगून ठेवा.

पट्टीबद्दल थोडक्यात. मूळ पट्टीचा हट्ट सोडा. गायकाला ताण पडतोय हे नाचणाऱ्यालाही जाणवतं, शिवाय लोकांना सोबत गाता आलं पाहिजे. दोन स्वर खाली आणलं तर कुणाचंच बिघडत नाही. त्याहून खाली मात्र नको, गाण्याचा जोर जातो.

फर्माईश आली तर घ्या, पण लगेच वाजवू नका. चिठ्ठी घ्या, चालू गट संपू द्या, टेम्पो जुळेल तिथे बसवा. संथ गझलेची फर्माईश भर नाचात आली तर त्या काकांना हात जोडून सांगा की जेवणाच्या वेळी नक्की. आणि सांगितलं ते पाळा.

तर तुमची वीस गाणी मी अशी वाटली असती: सुरुवातीला चार मावशी-आत्यांची, मग पाच नव्वदच्या दशकातली हिंदी, दोन अहिराणी, दोन भांगड्याची, दोन तुकडे रील्सचे, आणि शेवटच्या चढाला पाच ढोलाची मराठी. यातली अहिराणी आणि भांगडा मामाच्या गावाप्रमाणे कमी-जास्त. ढोलाच्या पाचातलं सगळ्यात मोठं एक गाणं राखून ठेवा, आठ वाजता कुणी कितीही मागितलं तरी काढू नका. मधेच लाईट जाते, केक येतो, नवरा-नवरीची एन्ट्री लांबते, आणि भरलेली जागा रिकामी होते. ते गाणं त्या वेळेसाठी. अशी वेळ आलीच नाही तर पावणेदहाला वाजवा.

चाळीसही गाणी एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे पट्टी, टेम्पो आणि ठेका सहाचा की केरवा, एवढं टाका आणि इथेच पाठवा. कोणती कुणाला जोडायची ते मी बघून सांगतो. ढोलकीवाला मात्र आत्ताच शोधायला लागा. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो आणि चांगले हात दिवाळीआधीच बुक झालेले असतात.